लत्तलूरचे राजे, कंधारचे दगड

राष्ट्रकूट सम्राट आपल्या लेखांतून स्वतःला ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. हे लत्तलूर म्हणजे आजचे लातूर, असे इतिहासाचे अभ्यासक सांगतात. तिसऱ्या कृष्णाच्या बिरुदांत ‘कंधारपुरवराधीश्वर’ हे आणखी एक नाव येते. ते नांदेड जिल्ह्यातील कंधारशी जोडले जाते. एका बिरुदात मूळ गाव आणि दुसऱ्यात वैभवाचे नगर, अशी ही दोन नावे मराठवाड्याच्या दोन शेजारच्या जिल्ह्यांत आजही नांदत आहेत.

जैन वाचकाला हा राजवंश परका नाही. पहिल्या अमोघवर्षाच्या काळात आचार्य जिनसेनांनी आदिपुराण रचले आणि त्यांचे शिष्य गुणभद्र यांनी पुढील कार्य पूर्णत्वास नेले. तिसरा कृष्ण इ. स. ९३९ ते ९६७ या काळात राज्यावर होता. सोमदेवसूरींचे यशस्तिलकचंपू ९५९ मध्ये पूर्ण झाले. पुष्पदंतांनी मान्यखेटात अपभ्रंश भाषेत महापुराण लिहिले, ते ९६५ मध्ये संपले. शांतिपुराणकर्त्या पोन्न कवीला ‘उभयकविचक्रवर्ती’ ही पदवी याच राजाने दिली. राजा स्वतः शिवभक्त होता. परंतु त्याच्या छत्राखाली जिनवाणीचीही सेवा घडली, हे विसरता येत नाही.

लातूरच्या आडत बाजारात उभे आयुष्य घालवलेल्या एका वृद्ध श्रावकाला ही सारी नावे मुखोद्गत होती. वर्षानुवर्षे स्वाध्यायात त्यांनी ती वाचली होती. कंधार मात्र त्यांनी पाहिले नव्हते. वास्तुरचनेचे शिक्षण घेणारी नात सुट्टीत घरी आली आणि तिच्या आग्रहाखातर आजोबा नांदेडमार्गे कंधारला गेले.

कंधारचा किल्ला भुईकोट आहे. डोंगराचा आधार नसल्यामुळे अशा किल्ल्याला आपले संरक्षण स्वतःच निर्माण करावे लागते. प्रथम रुंद खंदक, त्याच्या आत कमी उंचीचा पडकोट आणि त्यामागे उंच मुख्य तट अशी ही रचना असते. पडकोट पडला तरी आतल्या तटावरून मारा चालू राहतो. दरवाजे समोरासमोर येत नाहीत. आत शिरणाऱ्याला वळण घ्यावे लागते आणि त्या वळणावर तो बुरुजांच्या टप्प्यात येतो. हत्तीलाही धडक मारण्यासाठी सरळ धाव मिळत नाही. तटावर फिरण्यासाठी फांजी, माऱ्यासाठी जंग्या, आडोशासाठी चर्या आणि पहारेकऱ्यांसाठी देवड्या, असे प्रत्येक अंगाला ठरलेले काम असते.

लातूर जिल्ह्यातील औसा आणि उदगीर हे याच परंपरेतील. औशाचा किल्ला सखल भागात दडलेला असल्याने जवळ जाईपर्यंत नीट दिसत नाही. उदगीरचा किल्ला पठाराच्या कडेवर असून जिकडे सपाटी आहे तिकडे खोल खंदक खणला आहे. हे दोन्ही किल्ले १६३६ मध्ये मोगलांकडे गेले. उदगीरचे नाव मराठ्यांच्या इतिहासात १७६० च्या लढाईने अमर झाले. सदाशिवरावभाऊंनी निजामावर तो विजय मिळवला आणि पुढल्याच वर्षी पानिपत घडले.

आजोबांना अपेक्षित होता तो राष्ट्रकूटांचा कोट. नातीने त्यांना सांगितले, “आजोबा, जे उभे दिसते ते बहुतेक पुढच्या काळातले आहे. हे गोल, जाडजूड बुरूज तोफांच्या जमान्याला धरून बांधले आहेत.” तिचे म्हणणे रास्त होते. कंधारची मूळ वसाहत राष्ट्रकूटकालीन असली, तरी किल्ल्याचे आजचे रूप बहमनी आणि त्यानंतरच्या सत्तांनी घडवले. दहाव्या शतकाची साक्ष तटापेक्षा अन्यत्र अधिक मिळते. कंधारच्या शिलालेखात अनेक देवालयांचे उल्लेख आहेत. ‘जगत्तुंग समुद्र’ हे राष्ट्रकूटांच्या नावाचे जलाशय आजही तेथे आहे. परिसरात एका प्रचंड मूर्तीचे भग्न अवयव सापडले असून ती क्षेत्रपालाची असावी, असे अभ्यासक मानतात. दिगंबर जिनालयात क्षेत्रपालाला मान देणाऱ्या कुटुंबाला ते अवशेष पाहताना आपुलकी वाटावी, यात नवल नाही.

किल्ल्यात जमा केलेल्या शिल्पांत जैन मूर्तीही आहेत. त्यांच्यापुढे आजोबा बराच वेळ हात जोडून उभे राहिले. मग त्यांच्या मनातले बाहेर आले. या मूर्ती इथे उन्हापावसात का? समाजाने रीतसर मागणी करून त्या एखाद्या जिनालयात का नेऊ नयेत? आणि ज्यांनी मंदिरांचे दगड तटांत चिणले, त्यांना काय म्हणावे?

हा प्रश्न केवळ एका वृद्धाचा नाही. मराठवाड्यात शेत नांगरताना, विहीर खणताना, जुना वाडा पाडताना मूर्ती निघते आणि त्या त्या गावच्या समाजापुढे हाच प्रश्न उभा राहतो. भक्ती म्हणते, मूर्ती घरी आणावी. पुरातत्त्वाचे शास्त्र म्हणते, ती कोठे, किती खोल, कशाच्या शेजारी सापडली हे आधी लिहून ठेवावे. दगड बोलतो तो आपल्या जागेच्या आधाराने. स्थानाची नोंद न करता हलवलेली मूर्ती पूज्य राहील, पण येथे कधीकाळी संघ होता, वसदी होती, दान देणारे श्रावक होते, ही तिची साक्ष कायमची मुकी होईल. ज्या गावात आज एकही जैन घर उरलेले नाही, तेथे तर ती एकमेव साक्ष असते.

दगड चिणणाऱ्यांविषयीच्या प्रश्नाला नातीने उत्तर दिले नाही. ते आजोबांच्या स्वतःच्या आठवणीतून आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा ते मदतीसाठी औसा तालुक्यातील गावांत गेले होते. जाड भिंतींच्या दोन्ही बाजू दगडी आणि मधे मातीचा भराव. दोन्ही बाजूंना जोडणारे आरपार दगड नाहीत. अशा भिंती क्षणात फुगल्या आणि निजलेल्या माणसांवर कोसळल्या. काही दिवसांनी त्याच ढिगाऱ्यातले चांगले चिरे लोक वेचून बाजूला लावताना त्यांनी पाहिले होते. कुणाच्या उंबऱ्याचा, कुणाच्या देवघराचा, हे तेव्हा कोणी विचारले नाही. त्यात द्वेष नव्हता; गरज होती. तटात बसलेला प्रत्येक कोरीव दगड द्वेषानेच तेथे गेला, असे म्हणता येत नाही. तसेच कधीच कोणी द्वेषाने काही फोडले नाही, असेही म्हणता येत नाही. कोणता दगड कशामुळे तेथे आला, हे पुराव्याशिवाय ठरवू नये. अनेकान्ताचा अभ्यास केवळ पोथीपुरता नसेल, तर तो तटासमोरही उपयोगी पडला पाहिजे.

जपणूक कशी होते, याचे एक उदाहरण दूरदेशीचे आहे. १६३१ मध्ये शहाजहानचा सरदार नसीरी खान याने कंधारचा किल्ला घेतला. त्या वेढ्याचे पयाग या चित्रकाराने काढलेले चित्र पादशाहनाम्याच्या हस्तलिखितात आहे आणि ते हस्तलिखित आज इंग्लंडमधील विंडसरच्या किल्ल्यात आहे. हा किल्ला १०६६ नंतर, विजेत्या विल्यमच्या काळात, मातीच्या उंचवट्यावर आणि लाकडी कुंपणाने सुरू झाला. म्हणजे तिसऱ्या कृष्णाच्या कंधारहून तो शंभरएक वर्षांनी लहान. त्याच देशात बोडियम नावाचा पाण्याने वेढलेला किल्ला आहे. भारतात १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा ज्यांच्या कारकिर्दीत झाला, त्या लॉर्ड कर्झन यांनी पुढे बोडियम विकत घेतला, त्याची डागडुजी केली आणि १९२५ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर तो राष्ट्रीय न्यासाकडे गेला. कंधार त्या काळी निजामाच्या राज्यात होते. तेथे पुरातत्त्व खाते १९१४ मध्ये गुलाम यजदानी यांच्या हाताखाली सुरू झाले. दोन्हीकडचे दगड तितकेच जुने. फरक पडतो तो किती पिढ्यांनी, किती सातत्याने त्यांची नोंद आणि निगा ठेवली याने.

परतीच्या वाटेवर आजोबा आणि नात यांचे पूर्ण एकमत झाले नाही. भग्न का होईना, जिनबिंब छायेखाली असावे, हा त्यांचा हट्ट कायम राहिला. नातीला तो चुकीचा वाटला नाही. छप्पर जागेवरही घालता येते, एवढेच तिचे म्हणणे. मात्र एक काम दोघांनी मिळून आरंभले. लातूरच्या घरी बाजारातली एक लांबट खतावणी कोरीच पडून होती. तीत आता हिशेब नाहीत. परिचयाच्या गावांतील पाराखाली, विहिरीच्या थारोळ्यात, मारुतीच्या ओट्यावर, वाड्याच्या पायरीत दिसलेल्या प्रत्येक जैन अवशेषाची नोंद तीत होते: गाव, जागा, तोंड कोणत्या दिशेला, लांछन दिसते का, लेख आहे का, गावकरी त्याला काय म्हणतात.

हे काम कोणत्याही गावच्या मंडळाला करता येण्यासारखे आहे. दगडावर तेलरंग वा सिमेंट लावू नये. अक्षरे खडूने गिरवू नयेत. छायाचित्र घेताना शेजारी मोजपट्टी ठेवावी. नवी मूर्ती निघाल्यास तहसील कार्यालयाला आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. गावकऱ्यांनी एखाद्या तीर्थंकरमूर्तीला दुसऱ्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या पुजले असेल, तर त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांच्या श्रद्धेनेच ती आजवर वाचली, हे कृतज्ञतेने मान्य करावे.

लत्तलूरच्या राजांचे साम्राज्य मान्यखेट लुटले गेले त्या ९७२ नंतर फार काळ टिकले नाही. पुढे किल्ला बांधणारे आले, जिंकणारे आले, तेही गेले. अपरिग्रह शिकवणाऱ्या धर्माला यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. दगड आपला आहे, हा आग्रह सोडता येतो. त्याची राखण करण्याचे कर्तव्य मात्र सोडता येत नाही. खतावणीची पहिली अकरा पाने भरली आहेत. बाराव्या पानाच्या माथ्यावर नातीने पुढल्या गावाचे नाव लिहून ठेवले आहे.