डबा कुठे ठेवावा?

जिओकॅशिंग हा शब्द भाच्याने घरात आणला तेव्हा अम्मीने पहिला प्रश्न केला, "कॅश म्हणजे पैसे का रे?"

पैसे नव्हेत. एक घट्ट झाकणाचा डबा, आत छोटी वही, पेन्सिल आणि एखादी किरकोळ वस्तू. एकाने तो लपवायचा, जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, इतरांनी उपग्रहाच्या मदतीने शोधायचा. सापडला की वहीत नाव-तारीख लिहायची, वस्तू घेतलीच तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची आणि डबा होता तिथे परत. खेळ तसा नवा आहे. जीपीएसच्या नागरी संकेतात अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली. शंभरेक मीटरने चुकणारे यंत्र एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आले. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने जंगलात एक बादली ठेवली आणि तिचा ठावठिकाणा जाहीर केला. तिथून हा खेळ जगभर पसरला.

आम्ही म्हणजे अंबरनाथला राहणारे दोन भाऊ, भाभी आणि उल्हासनगरहून सुट्टीत येणारा बहिणीचा मुलगा. शोधण्यापेक्षा लपवण्याचा नाद आम्हाला जास्त लागला. शोधणाऱ्याला आकडे आयते मिळतात. लपवणाऱ्याला मात्र आपल्या गावाकडे नव्या नजरेने बघावे लागते. हा कोपरा कोणाचा, इथून कोण कधी जाते, पाणी कुठवर चढते, कुत्री कुठे बसतात, हे सगळे आधी पाहावे लागते.

खेळाचे नियम सोपे आहेत. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवे. जमीन खणायची नाही. डब्यात खाण्याचे काही ठेवायचे नाही, मुंग्या आणि उंदीर आपल्याआधी शोधतात. आपल्याला पुन्हा पुन्हा जाऊन बघता येईल एवढ्याच अंतरावर ठेवायचा. सहलीला गेलो आणि महाबळेश्वरला डबा टाकून आलो, असे चालत नाही. आणि ज्याची जागा त्याची परवानगी. हा शेवटचा नियम आम्हाला आधी निव्वळ औपचारिक वाटत होता.

भाभीने मात्र पहिल्याच बैठकीत विचारले, "तुम्ही दोघे दाढीवाले एका दगडामागे वाकून डबा ठेवताना कोणी पाहिले, तर सांगणार काय?"

कोणी काही बोलले नाही. ११ जुलै २००६ रोजी लोकल गाड्यांत सात स्फोट झाले. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही सूचना आपण सगळे स्टेशनवर ऐकत आलो आहोत, आणि आपल्यातल्या कित्येकांनी गाडीत आपली पिशवी मुद्दाम मांडीवर धरली आहे. हा घोळ फक्त आपल्याकडे होतो असेही नाही. २०११ साली इंग्लंडमधल्या वेदरबी गावात असाच एक डबा पाहून लष्कराचे बॉम्बपथक आले होते आणि त्यांनी तो उडवून दिला. पण तिथे ठेवणाऱ्याने दुसऱ्या दिवशी खुलासा केला असेल, तर गावाने तो हसून ऐकला असेल. आमचा खुलासा कितीजण हसून ऐकतील, याचा हिशेब आम्हाला जागा निवडण्याआधी करायचा होता.

म्हणून आधी नकाशावर फुल्या मारल्या. स्टेशन, रूळ, पूल बाद. आयुध निर्माणीच्या भिंतीच्या आसपासचे सगळे बाद. तिकडे फोन काढून उभेसुद्धा राहायचे नाही, असे ठरले. शाळा बाद. प्रार्थनास्थळे, मग ती कोणाचीही असोत, बाद. मलंगगडावर भाच्याचा फार जीव होता. चढ छान, वर वारा, माणसे सगळ्या जातीधर्मांची. पण ज्या जागेच्या नावावरूनच इतकी वर्षे वाद चालू आहे, तिथे आपण डबा ठेवायचा नाही, असे थोरल्याने सांगितले आणि तो विषय तिथेच मिटला. गड चढायला कोणाची ना नव्हती, तो आम्ही चढलो.

अंबरनाथचे शिवमंदिर आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहार राजा मुम्मुणीचा काळ. संरक्षित स्मारक असल्याने तिथे टाचणीही टोचायची नाही. पण खेळात एक सोय आहे: जागा बघायला लावायची आणि डबा दुसरीकडे ठेवायचा. येणाऱ्याने मंदिर पाहावे, शक वर्ष शोधावे आणि त्या आकड्यांवरून पुढचे गणित सोडवावे. भाच्याने बेरीज केली. नऊ अधिक आठ अधिक दोन, एकोणीस. आणि आपण आहोत तेही एकोणीस अंश उत्तरेलाच! पोरगा दिवसभर हे ज्याला त्याला सांगत सुटला. डबा आहे तिथून बराच दूर, ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांच्या कुंपणात. त्यांना सगळे ठाऊक आहे.

याच गणितांच्या नादात फोनमधले होकायंत्र घरभर फिरले. आपल्याकडून किब्ला नेमका पश्चिमेला नाही, सुमारे दहा अंश उत्तरेकडे कललेला आहे, हे अम्मीला दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मशिदीची सफ तिरकी का, ते आता कळलं तुम्हाला?" अल-बिरुनीने अकराव्या शतकात शहरांचे अक्षांश-रेखांश काढण्यावर ग्रंथ लिहिला. त्यामागे गझनीचा किब्ला नेमका ठरवण्याची गरजही होती. आमच्या मंदिराचा शिलालेखही त्याच शतकातला.

उल्हासनगरमध्ये अडचण वेगळी. तिथे रिकामी जागाच नाही, आणि जिथे रिकाम्या बाटलीलाही किंमत आहे तिथे डबा दोन दिवस टिकणार नाही. कचरा वेचणाऱ्या पोराने तो उचलला तर त्यात त्याची चूक काय? म्हणून लोहचुंबकाची, बोटाएवढी डबी घेतली. ती बहिणीच्या सोसायटीच्या फाटकाला आतून चिकटवायची होती. चेअरमन सिंधी काका. त्यांनी अर्ज लिहून मागितला, चष्मा लावून दोनदा वाचला. मग म्हणाले, "आमच्या वडिलांनाही इथे पत्ता मिळाला नव्हता, बराकीचा आकडाच मिळाला होता." दुसऱ्या महायुद्धातली लष्करी कल्याण छावणी फाळणीनंतर निर्वासितांना दिली गेली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी उल्हासनगरची कोनशिला बसवली. कॅम्प एक ते पाच आणि बराक नंबर अजून पत्त्यांत आहेत. काकांनी सही केली, आणि डबी ओली तर झाली नाही ना, हे आता ते आमच्याआधी बघतात.

बदलापूरला आम्हाला नदीकाठ हवा होता. पण २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. जिथे आगगाडी पाण्यात उभी राहते तिथे आमचा डबा कुठला टिकायला! कोंडेश्वरचा धबधबाही सोडला. तिथे माणसे बुडतात. डब्याच्या नादाने कोणी घसरला तर? त्या डोहाजवळ विनाडब्याचा खेळ चालेल: काळा बेसाल्ट बघा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, तेवढेच लिहून पाठवा. तेही पावसाळा सोडून. डबा शेवटी बारवीच्या रस्त्याला, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या जांभळीखाली गेला.

एका संध्याकाळी तिथूनच परतताना रस्त्यात एका हवालदाराने अडवले. फोनकडे बघत झुडपे धुंडाळणारी चार माणसे कोणी तरी कळवली होती. नाव विचारले. नाव ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारायला त्याला थोडा वेळ लागला. तो थोडा वेळ आम्हाला पाठ आहे. भाच्याने पिशवीतला जादा डबा काढून त्याच्या पुढ्यात उघडला. तो पारदर्शकच घेतला होता, उल्हासनगरच्या बाजारातून, आणि वर मराठी, हिंदी, इंग्रजीत "हा खेळाचा डबा आहे, आत वही-पेन्सिल आहे" असे लिहून खाली आमचा फोन नंबर दिला होता. सोबत शेतकऱ्याची चिठ्ठी. हवालदाराने ती वाचली, वही चाळली, आतली गोटी हातात घेऊन उजेडात धरली. "हे शोधायला लोक येतात?" "येतील, साहेब." गोटी परत ठेवून तो म्हणाला, "अंधार पडायच्या आत घरी जा." भाभी घरी येईपर्यंत बोलली नाही. भाचा मात्र, "मामू, त्याला गोटी द्यायला हवी होती," एवढेच घोकत होता.

तेव्हापासून पत्त्याआधी आम्ही माणूस शोधतो. या कोपऱ्याबद्दल विचारले तर "हो, माझ्या इजाजतीने ठेवलंय" म्हणणारा कोण आहे? तो नसेल तर जागा कितीही सुंदर असो, सोडून द्यायची. त्यामुळे आमच्या डब्यांची संख्या तीनच आहे. त्यांच्या अवघडपणाला एक ते पाच अंक द्यायचे असतात, शोधायला किती आणि पोचायला किती. मास्तरांच्या कुंपणाला आम्ही पोचण्यासाठी एक दिला. अम्मी गुडघ्यांसकट तिथे जाऊन आली.

आता लांबच्या फेरीचा बेत चालू आहे: बदलापूर, बारवी, मुरबाड, माळशेज. पावसाळ्यानंतर. शुक्रवार नको, जुम्मा चुकतो. रविवारी दुपारी धरणाकडे गर्दी. म्हणून रविवारी फजरनंतर लगेच निघायचे. दिवसात तीनच थांबे. दर थांब्याला बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे, हे भाभी नकाशात आधी भरते. घाटात फोनला रेंज नसते म्हणून नकाशा आधी उतरवून घ्यायचा. परदेशी खेळाडू बाळगतात तसली उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे आपल्याकडे परवान्याशिवाय चालत नाहीत, तो हट्ट भाच्याने सोडलेला बरा. माळशेजला डबा ठेवायचा नाही, फार लांब. मुरबाडला भाभीच्या खालाचे घर आहे. तिच्या अंगणात मेंदीचे कुंपण आहे, आणि खाला हो म्हणाली आहे.