निगेटिव्हचा डबा

जुने फोटो स्कॅन करायचे आहेत, कोणता स्कॅनर घेऊ, असं मला ओळखीतले बरेच जण विचारतात. मी आधी विचारते, घरात निगेटिव्ह आहेत का? बहुतेकांना सांगता येत नाही. अल्बम कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. निगेटिव्ह मात्र जुन्या लग्नपत्रिका आणि लाइटबिलांबरोबर कुठल्यातरी पिशवीत पडलेल्या असतात, आणि घराला रंग काढायचा ठरला की ती पिशवी सगळ्यात आधी बाहेर जाते. काहींच्या निगेटिव्ह भंगारवाल्याने नेलेल्या असतात. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते आणि एक्स-रेसारखी ती चांदी काढून घेणारे लोक आहेत. म्हणून माझं सांगणं असं, की स्कॅनरच्या दुकानात जाण्याआधी ती पिशवी शोधा. हातातला फोटो ही नक्कल आहे, अस्सल चीज पिशवीत आहे.

हे मला शिकवलं माझ्या वडिलांनी. अण्णा भिवंडीत एका यंत्रमाग कारखान्यात मेहताजी होते. हजेरी, ताक्यांचा हिशेब, आठवड्याचा पगार हे त्यांचं काम. शुक्रवारी माग बंद असायचे, त्या दिवशी कॅमेरा बाहेर निघायचा. कॅमेरा आगफा क्लिक थ्री, वडोद्याला बनलेला, त्या काळी मध्यमवर्गीय घराला परवडणारा. त्यात १२० नंबरचा रोल घालायचा, बारा चौकोनी फोटो यायचे. ऊन आहे की ढग आहेत एवढंच कॅमेऱ्याला सांगायचं, बाकी त्याला काही विचारायची सोय नव्हती. रोल कधी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ मिळे, कधी पूर्व जर्मनीचा ‘ऑरवो’. बारा फोटो संपायला दोन-तीन महिने लागत, कारण प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी अण्णा विचार करत. कारखान्याच्या आत फोटो काढता येत नसे. तिथे उजेड कमी, आणि माग सुरू असले की जमीनच थरथरते. कामगारांचे फोटो म्हणून दाराबाहेरचे, उन्हात डोळे बारीक केलेले. ते फोटो मुलुखात पाठवले जायचे, उत्तर प्रदेशात, तेलंगणात. त्यांतल्या कित्येकांच्या घरी तो मुंबईकडे गेलेल्या माणसाचा एकमेव फोटो असेल.

मंडईजवळच्या स्टुडिओतून रोल धुऊन आला की पाकिटात दोन गोष्टी असत. पांढऱ्या कडेचे, निगेटिव्हच्याच मापाचे छोटे फोटो, आणि बटरपेपरमध्ये गुंडाळलेल्या निगेटिव्ह. फोटो आई बघायची. अण्णा निगेटिव्ह कडेने धरून खिडकीशी न्यायचे आणि मग पाकिटावर शाईने तारीख, जागा, माणसं लिहून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. फोटो मागेल त्याला देऊन टाकत. डब्याला मात्र कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

१६ फेब्रुवारी १९८०च्या सूर्यग्रहणाच्या वेळी आळीतली सगळी पोरं निगेटिव्ह मागायला आमच्या दाराशी आली होती. खग्रास पट्टा दक्षिणेतून जात होता, आमच्याकडे खंडग्रास दिसणार होतं, आणि निगेटिव्ह डोळ्यांसमोर धरली की ग्रहण बघता येतं असं सगळे मानत. (अशी चित्र असलेली पट्टी डोळ्यांना अजिबात सुरक्षित नसते, हे मुद्दाम सांगते.) मुलांना कधीच नाही न म्हणणाऱ्या अण्णांनी त्या दिवशी साफ नाही म्हटलं. मला त्यांचा राग आला होता.

तो राग गेला मे १९८४मध्ये. त्या महिन्यातल्या दंगलीत भिवंडीत जे झालं ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे चाचीचं घर होतं. तिचे मालक अण्णांबरोबर कारखान्यात होते, जॉबर. घर जळालं, माणसं वाचली. रेशनकार्ड आणि पैसे घेऊन लोक पळतात, अल्बम घेऊन कुणी पळत नाही. वातावरण निवळल्यावर कधीतरी ती दोघं आमच्याकडे आली, चहा झाला, आणि उठताना चाची म्हणाली, “मेहताजी, आमच्या लग्नात तुम्ही फोटो काढले होते ना? एखादा असेल का हो तुमच्याकडे?”

अण्णांनी डबा काढला. पूर्ण रोल होता, बाराच्या बारा फ्रेम. एकीत चाचीचे वडील होते, लग्नानंतर वर्षभरात वारलेले, आणि त्यांचा दुसरा फोटो जगात कुठे नव्हता. अण्णा स्वतः ती पट्टी घेऊन स्टुडिओत गेले आणि बारा फोटो पुन्हा कागदावर काढून आणले. ओलसर वासाचे, नवे कोरे, पहिल्यांदा निघाले होते तसेच. जळलेला फोटो निगेटिव्हवरून पुन्हा जन्माला येतो, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. पुढे माझ्या हाती आलेला प्रत्येक कॅमेरा मी त्याच नजरेने वापरला.

नव्वदच्या दशकात आमच्या घरी रंगीत आलं. मी पहिल्या पगारातून कोडॅकचा केबी-टेन घेतला, पस्तीस मिलिमीटरचा, छत्तीस फोटोंचा. लॅबमध्ये तासाभरात चार बाय सहाचे फोटो मिळू लागले आणि लोक निगेटिव्हचं पाकीट तिथेच कचऱ्यात टाकू लागले. रंगीत फोटोत चांदी उरत नाही, रंगद्रव्यं उरतात, आणि ती उडतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो लालसर होतात ते आधी निळसर-हिरवा रंग फिका पडल्यामुळे. आजीचा त्याच्या आधीचा काळा-पांढरा फोटो अजून ठसठशीत असतो आणि मामाच्या लग्नाचा रंगीत अल्बम तांबूस झालेला असतो, त्याचं कारण हे. त्यात ते चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बम. त्यांच्यातला गोंद फोटोच्या पाठीत मुरतो आणि प्लास्टिक पुढच्या बाजूला चिकटतं. तुमच्याकडे असतील तर फोटो ओढून काढू नका. पाठीमागून दात साफ करायचा धागा सरकवत न्या, सुटतात. नाहीच सुटले तर पानासकट स्कॅन करा.

२६ जुलै २००५ला कामवारी नदीचं पाणी शहरात शिरलं. आमच्या तळमजल्यात कमरेइतकं. अल्बमची वीट झाली होती, फोटो एकमेकांना चिकटलेले. डब्यातही पाणी गेलं होतं, पण निगेटिव्ह बहुतेक सगळ्या वाचल्या, आणि त्याला कारण आहे. निगेटिव्ह मुळात पाण्यातच तयार होते. घातक असतं ते चिखलासकट वाळणं. भिजलेल्या निगेटिव्ह किंवा फोटो सुकायला ठेवण्याची घाई कधी करू नये. स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेवावेत, पाण्यातच हलक्या हाताने सोडवावेत, चित्राच्या बाजूला बोट लावू नये, कारण फुगलेलं जिलेटिन सायीसारखं निघून येतं. मग दोरीवर चिमट्याने टांगावेत. एक-दोन दिवसांत जमणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि सवडीने थोडे थोडे काढावेत. आमच्या गच्चीवर आठवडाभर कपड्यांच्या दोरीवर निगेटिव्ह होत्या.

अण्णा गेल्यावर डबा माझ्याकडे आला आणि मी स्कॅनिंगला बसले. साधनांबद्दल जे अनुभवाने ठरलं ते सांगते. फक्त सपाट फोटो असतील तर कॅननच्या लायडसारखा पातळ, स्वस्त स्कॅनर पुरतो. पण त्यातला सेन्सर काचेला टेकलेलंच नीट बघतो. फोटो वाकलेला असला की तो भाग धूसर येतो. निगेटिव्हसाठी झाकणात दिवा असलेला स्कॅनर लागतो, एप्सनच्या व्ही सिक्स हंड्रेडसारखा. त्याच्या खोक्यावर ६४०० डीपीआय लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. खरा तपशील बराच आधी संपतो. १२० च्या चौकोनी निगेटिव्हला २४०० ठेवलं तर एका बाजूला सुमारे ५३०० पिक्सेल मिळतात, आणि आगफाच्या साध्या भिंगाने टिपलेलं सगळं त्यात येऊन वर जागा उरते. चार बाय सहाच्या फोटोला ६०० पुष्कळ झालं, अगदी छोट्या फोटोला १२००. मूळ प्रत टिफमध्ये ठेवा, वाटायला जेपेग. धूळ आपोआप पुसणारी इन्फ्रारेडची सोय काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हला बंद ठेवा, कारण चांदी तो किरण अडवते आणि यंत्र चेहऱ्यालाच धूळ समजून पुसायला जातं.

स्कॅनर घ्यायचा नसेल, पण घरात चांगला कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स असेल, तर चित्रं गिरवायची एलईडी पाटी आणून तिच्यापासून थोड्या उंचीवर निगेटिव्ह धरायची. निगेटिव्हची चकचकीत बाजू वर ठेवायची, म्हणजे चित्र सुलट येतं. वरून कॅमेरा स्टँडवर अगदी समांतर लावायचा, आयएसओ १००, एफ-८, आणि शटर टायमरने सोडायचं. मी आता हेच करते, स्कॅनरपेक्षा कितीतरी लवकर होतं. भिवंडीत मात्र दोन अडचणी आहेत. आमच्या मागच्या गाळ्यात अजून माग चालतात, टेबल थरथरतं, चित्र हलतं. म्हणून माझंही काम शुक्रवारी. दुसरी अडचण कापसाच्या तंतूंची, ते आमच्या हवेतच असतात. रबरी फुंकणीने उडवायचे, तोंडाने फुंकायचं नाही आणि कापडाने तर पुसायचंच नाही.

एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या भिंतीवर आजीचा वज्रेश्वरीच्या देवळापुढचा मोठा फोटो आहे. पोस्टकार्ड साइजवरून वाढवून घेतलेला, म्हणजे मूळ चौकोनातून उभा कापलेला. मी निगेटिव्हचं पॉझिटिव्ह चित्र केलं तर आजीच्या डावीकडे, चौकटीच्या अगदी कडेला, आई उभी होती. नऊवारीत, हातात पूजेचं ताट, कुणाकडे तरी बघून हसताना. लग्नाला जेमतेम वर्ष झालेली आई. तिचा इतका मोकळा फोटो आमच्याकडे दुसरा नाही, आणि भिंतीवरच्या चौकटीबाहेर ती एवढी वर्षं तशीच उभी होती. आता भिंतीवर पूर्ण चौकोन आहे.

डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर मात्र थांबू नका. ॲसिटेटची फिल्म कुजायला लागल्याची ती खूण आहे. ते आम्ल शेजारच्या चांगल्या पट्ट्यांनाही लागतं, आणि उष्ण-दमट हवेत, म्हणजे आपल्याकडे, वेगाने वाढतं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी फिल्म थंड आणि कोरड्या खोल्यांत ठेवावी लागते ती त्यामुळेच. घरी तसं जमत नाही. वास येणाऱ्या पट्ट्या वेगळ्या काढाव्यात, आधी त्याच स्कॅन कराव्यात, बाकीच्या कागदी पाकिटांत घालाव्यात आणि डब्यात सिलिका जेल ठेवून ते पावसाळ्यात बदलत राहावं. डांबरगोळ्या नकोत.

स्कॅन झाल्यावर फायली तीन ठिकाणी हव्यात, त्यांतली एक जागा घराबाहेरची. चाचीचं घर आणि कामवारीचं पाणी पाहिल्यावर यात कसूर करायला मी तयार नाही. माझी एक हार्ड डिस्क पुण्याला भावाकडे असते, दिवाळीला बदलून आणते. २००३-०४च्या सीडी कुणाकडे असतील तर आजच उतरवून घ्या, त्यांतल्या कित्येक आता वाचल्या जात नाहीत. आणि फाइलच्या नावातच साल, जागा, माणसं लिहा, अण्णा पाकिटावर लिहायचे तशी.

चाची आता नाही. तिची मुलगी मुंब्र्याला असते. तिला ते बारा फोटो पाठवले तेव्हा तिने व्हॉट्सॲपवर आवाजाचे लांबलचक निरोप पाठवले, पंक्तीत कोण बसलंय, कुणाच्या कडेवर कोण आहे. अण्णांनी पाकिटावर लिहिलेली दोन नावं चुकीची होती, तिने ती दुरुस्त केली. तिचे निरोप मी त्याच फोल्डरमध्ये ठेवलेत. आता रंगीत पट्ट्या राहिल्यात, केबी-टेनच्या. पाऊस सुरू व्हायच्या आत त्या संपवायच्या आहेत.