शेवटचं कधी ऐकलं?

पावशाची पहिली हाक कुणीही टिपतो. उन्हाळा तापायला लागलेला असतो, एखाद्या पहाटे ‘पेर्ते व्हा’ सुरू होतं, आणि डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत, निदान फोनमध्ये, ती तारीख जाते. पण तो गप्प कधी झाला? आषाढात? श्रावण लागल्यावर? हा प्रश्न मी चांगल्या मुरलेल्या भटक्यांना विचारून पाहिला आहे. बहुतेकांना सांगता येत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. पहिली हाक कानावर पडते तेव्हा ती पहिली आहे हे कळतं. शेवटची ऐकताना ती शेवटची आहे हे कुणालाच कळत नाही. ते कळतं दोन-तीन आठवड्यांनी, आणि तेही मागची पानं लिहिलेली असतील तरच.

चालण्याची वही ठेवण्यातली खरी मेख मला इथे दिसते. आलेलं टिपायला उत्साह पुरतो. गेलेलं टिपायचं तर आधीपासून, काही विशेष घडत नसतानाही, लिहीत राहावं लागतं.

माझी वाट ठरलेली आहे: कर्जत तालुक्यातल्या खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकर. कर्जत लोकल, मग काशेळ्यापर्यंत जी गाडी मिळेल ती, तिथून खांडस. गावापुढच्या पुलापाशी वाटा फुटतात. एक शिडी घाटाची, लोखंडी शिड्यांची आणि धबधब्याच्या कातळाची. पावसात तिच्या वाटेला न गेलेलं बरं. दुसरी गणपतीच्या देवळावरून पदरगडाला वळसा घालणारी, लांबची आणि सोशिक. दोन्ही वर पदरावर भेटतात, तिथे झोपडीत चहा मिळतो, आणि मग शेवटचा दमवणारा चढ चढून आपण कोकणातून देशावर येतो. “पुन्हा तिथेच?” असं घरचे विचारतात. पुन्हा तिथेच. दर वेळी नवा घाट करणाऱ्यांचा मला हेवा वाटतो, पण त्यांच्या वहीला वाटांची यादी होता येतं, ऋतूंची नोंद होता येत नाही. फाल्गुनात एका डोंगरावर पांगारा फुललेला पाहिला आणि पुढच्या फाल्गुनात दुसऱ्या डोंगरावर तो दिसला नाही, तर यातून काय समजायचं? काहीच नाही. झाड तेच हवं, वळण तेच हवं.

म्हणून वाटेवर माझ्या थांबण्याच्या जागा बांधलेल्या आहेत. पूल. गावाबाहेरची भाताची खाचरं. गणपतीचं देऊळ. पदरावरची झोपडी. शेवटच्या चढातला ओहळ. कड्यावर पोचल्यावर लागणारं पहिलं दाट रान. या जागांवर थांबायचं, पाणी प्यायचं, पाच मिनिटं काही न बोलता बसायचं आणि लिहायचं. चालता चालता लिहू नये. पाय आणि अक्षर दोन्ही घसरतात. संध्याकाळवरही ठेवू नये. गाडीत बसून लिहिलेल्या नोंदीत दृश्यं फार येतात आणि तपशील कमी. ‘हिरवागार’, ‘विलोभनीय’, ‘धुक्यात हरवलेला’ हे शब्द माझ्या वहीत दिसले की ओळखावं, ती नोंद घरी लिहिली आहे.

थांबा ठरलेला असला की एक मोठी सोय होते: ‘नाही’ लिहिता येतं. ओहळाला पाणी नाही. कुसुंबाला अजून लाल पालवी नाही. शीळकरी कस्तूराची शीळ नाही. जिथे दर वेळी बसतो, तितकाच वेळ बसतो, तिथलाच ‘नाही’ विश्वासाचा. एरवी तो नुसता न पाहिल्याचा दाखला असतो. आणि हा ‘नाही’ लिहायला हाताला फार जड जातो. आपण एवढे घाम गाळून वर आलो, ते काय नव्हतं हे लिहायला? पण वही जुनी झाली की याच नोंदींचा भाव वाढतो.

ऑगस्ट 2023 मधलं उदाहरण देते. हवामानखात्याच्या नोंदींत हा देशातला 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. न पडलेला पाऊस वहीत ‘नाही’ म्हणूनच उतरतो. त्या वर्षी पावसाचं तंत्र सुरुवातीपासूनच बिघडलं होतं. मुंबईत मान्सून पोचला 25 जूनला, तोही दिल्लीत पोचला त्याच दिवशी. असं याआधी 1961 मध्ये झालं होतं. म्हणजे मृग कोरडा सरला आणि आर्द्रा लागल्यावर पाऊस आला. आता 2025 घ्या. मान्सून मुंबईत 26 मे रोजी दाखल, नेहमीच्या 11 जूनच्या दोन आठवडे आधी. रोहिणी नक्षत्र नुकतंच लागलेलं. दोन वर्षांच्या अंतराने पावसाच्या येण्यात अख्ख्या महिन्याचा फरक. वर्तमानपत्रात ही बातमी एक दिवस येते. खाचरांत आणि रानात ती पुढे कित्येक आठवडे चालू राहते.

ती कुठे पाहायची ते मला शेवळांनी शिकवलं. शेवळं म्हणजे पहिल्या पावसाच्या सुमाराला जमिनीतून निघणारे जांभळट कोंब. कर्जत-नेरळच्या बाजारात ठाकूर आणि कातकरी बायका त्यांच्या जुड्या घेऊन बसतात, आणि जुडीबरोबर काकडाची हिरवी आंबट फळं देतात, कारण शेवळांची खाज काकडाच्या आंबटपणाने मोडते. दोन वेगळ्या झाडांचं वेळापत्रक एका भाजीत जुळावं लागतं. ज्या वर्षी पाऊस फार लवकर येतो त्या वर्षी टोपलीत शेवळं आहेत का, काकडं पुरेशी मोठी झाली आहेत का, हे मी स्टेशनाबाहेरच पाहते आणि लिहिते. भाव लिहिते, आणि शेवळं विकायला येणं कधी बंद झालं हेही लिहिते. चालण्याची वही असली म्हणून ती डोंगराच्या पायथ्यापासूनच सुरू करायला हवी, असा काही नियम नाही.

खाचरांचंही तसंच. थंडी सरता सरता ऐनाच्या फांद्या छाटलेल्या दिसतात, मग राब भाजल्याचे काळे चौकोन दिसतात, पुढे त्याच चौकोनांत दाट पोपटी रोप उभं राहतं आणि एक दिवस ते उपटून लावणी झालेली असते. या कामांच्या तारखा माणसं ठरवतात, हे खरं. पण पाऊस लांबला की रोप राबातच थांबतं, हेही त्याच पानावर दिसतं.

तारखेचा एक तिढा मात्र सांगायलाच हवा. मराठी माणूस ऋतू महिन्यांनी ओळखतो. श्रावण म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. पण चांद्र महिने सरकतात. 2022 मध्ये श्रावण ऑगस्ट सरायच्या आत संपला. 2023 मध्ये अधिक श्रावण आला आणि निज श्रावण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रेंगाळला. ‘श्रावणात तेरडा बहरात’ अशी बिनतारखेची नोंद म्हणूनच पुढे तपासायला निरुपयोगी. शेतकऱ्यांनी हा तिढा केव्हाच सोडवला आहे: ते पावसाचा हिशेब सूर्यनक्षत्रांनी ठेवतात. मृग दर वर्षी 7-8 जूनला लागतो, अधिक मास येवो न येवो. पुनर्वसूला तरणा पाऊस आणि पुष्याला म्हातारा म्हणणाऱ्या माणसाच्या डोक्यात जे कोष्टक असतं ते हवामानाच्या दृष्टीने अगदी काटेकोर असतं. मी वहीत इंग्रजी तारीख लिहिते, शेजारी नक्षत्र, आणि मुक्काम असेल तर चंद्रासाठी तिथी.

आपल्याकडे ऋतूंवर लिहिणारे थोर झाले. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ 1956 चं. मारुती चितमपल्लींचं आयुष्य रानात आणि रोजनिशीत गेलं. त्यांच्या गद्याची नक्कल करण्याचा मोह वहीत तरी टाळावा. वही हे लेखन नव्हे. तो कच्चा माल. दुसऱ्या टोकाला गोडसे भटजी. वरसईहून ते निघाले, अठराशे सत्तावनच्या धामधुमीत सापडले, आणि तो सगळा प्रवास त्यांनी कित्येक वर्षांनी आठवणीतून लिहिला. ‘माझा प्रवास’ छापून निघाला तो 1907 मध्ये. आठवणीची ताकद त्यात पानोपानी दिसते. पण आठवण घडलेलं सांभाळते. जे रोज होतं आणि मग हळूच नव्हतं, ते तिच्या हाती लागत नाही. ओहळ आटला तो दिवस कुणाच्याच आठवणीत राहत नाही, कारण त्या दिवशी काही घडलेलं नसतं.

कारवीने तर माणसाची आठवण पार तोकडी ठरवली आहे. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती 2008, 2016 आणि 2024 मध्ये फुलली. सात वर्षं नुसती पानं, मग आठव्या वर्षी एकदाच निळा-जांभळा बहर, बी, आणि मरण. शिवाय सगळ्या डोंगरांचं वर्ष एक नसतं. शेजारच्या धारेवरची कारवी आपला वेगळा हिशेब ठेवून असते. बहराला गर्दी उसळते. त्याआधीची सात वर्षं तिच्याकडे बघायला कूड विणायला काठ्या नेणाऱ्यांशिवाय कोण जातं? उरलेली कारवी कुठे आहे, कुठे तोडली गेली, बहरानंतर रोपं उगवली का, हे त्या रिकाम्या वर्षांतच लिहायचं असतं. तेच काजव्यांचं आणि भीमाशंकरच्या रानात पावसाळी रात्री चमकणाऱ्या बुरशीचं. विजेऱ्यांचे झोत घेऊन झुंडी येतात, आणि ज्या अंधारासाठी आलो तोच घालवतात. काजवे आले हे आता मला कुणी कळवावं लागत नाही. ते गेले कधी, हे पदरावरच्या झोपडीतल्या मावशींना विचारावं लागतं. त्यांचं उत्तर तारखेत नसतं. “आमचं बियाणं टाकून झालं व्हतं, बाय,” असं असतं, आणि मी ते तसंच उतरवून घेते.

साधनांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. खिशात मावणारी शिवलेल्या बांधणीची वही, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली. शाईचं पेन नको, पावसात पान धुऊन निघतं. पेन्सिल मऊ शिशाची, कडक पेन्सिल ओला कागद फाडते. फोनमधला नकाशा वाट अचूक काढून देतो आणि मी तो वापरतेही. पण ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, आणि त्याला ‘नाही’ लिहिता येत नाही. झाडाचं नाव माहीत नसेल तर तिथल्या माणसाने सांगितलेलं नाव लिहायचं आणि पान दाबून ठेवायचं.

इंग्लंडमध्ये नॉरफकच्या रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने 1736 मध्ये वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली. त्याच्या वंशजांनी ते काम 1958 पर्यंत चालवलं, आणि आज हवामानबदलाचे अभ्यासक त्या नोंदी वापरतात. त्यात काव्य नाही; कुठलं झाड पानावर आलं, कुठला पक्षी ओरडला आणि कधी, एवढंच आहे. आपल्याकडेही सह्याद्रीत हयातभर चाललेली माणसं घरोघरी आहेत, आणि त्यांच्या वह्या माळ्यावर आहेत. तुमच्या घरी अशा वह्या असतील तर दिवाळीच्या आवराआवरीत त्या रद्दीत घालू नका. आधी उघडून पाहा. तारीख आणि जागा लिहिलेली असेल, तर जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला त्या दाखवा. अक्षर लागत नसेल तर लिहिणारा माणूस आहे तोवर त्याच्याकडून वाचून घ्या.