शेऱ्याचा रकाना

परवा शनिवारी घरी जाऊन आलो. घर म्हणजे परभणीहून पुढे, जिंतूर तालुक्यात. निमित्त ई-पीक पाहणीचं. शेतात काय पेरलंय त्याची नोंद २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर करायची असते, आणि आमच्या घरात मोबाईलची सगळी कामं मी सुटीवर येईपर्यंत थांबतात :-)

कापसात उभं राहून भरत होतो. गट नंबर, हंगाम, पीक, क्षेत्र, पाण्याचं साधन, शेवटी फोटो. बाबा म्हणाले, "एवढंच? काय इचारायचं ते आधीच ठरवून ठेवलंय की रे."

झालं, माझ्या डोक्यात ऑफिस सुरू झालं.

तर मुद्दा असा. सर्व्हरच्या मेमरीतली माहिती ब्राउझरकडे धाडायची तर आधी तिचा सलग मजकूर करावा लागतो. हेच सिरियलायझेशन. जावास्क्रिप्टमध्ये ते काम जेसन-स्ट्रिंगिफाय करतं. बिचारं फार प्रामाणिक. पुढ्यात काय येणार हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून प्रत्येक गोष्टीला विचारत बसतं: तू आकडा की शब्द? तुझ्या पोटात आणखी काही आहे का? पुढच्या रिक्वेस्टला पुन्हा तेच प्रश्न. म्हणजे तलाठ्याने प्रत्येक शेतकऱ्यासाठी कोऱ्या कागदावर नव्याने रेघा मारून तक्ता आखण्यासारखं.

तलाठी असं करत नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, म्हणजे आपला सातबारा, याचे रकाने आधीच ठरलेले असतात. भरायची ती फक्त माहिती. यालाच आपण स्कीमा म्हणतो. फास्ट-जेसन-स्ट्रिंगिफाय नावाची लायब्ररी स्कीमा एकदाच वाचते आणि त्याच्या मापाचं फंक्शन शिवून ठेवते. मग विचारपूस जवळजवळ संपते. गूगलने २००८ मध्ये खुलं केलेलं प्रोटोकॉल बफर्स तर त्याच्याही पुढे जातं. त्यात रकान्याचं नावसुद्धा पाठवत नाहीत, फक्त त्याचा नंबर. दोन्हीकडे नमुना एकच असला की भागतं.

आमच्याकडे उत्तरं छोटी, पण रिक्वेस्ट प्रचंड. प्रोफायलर लावल्यावर दिसलं की बराच वेळ या मजकूर करण्यातच जातोय. मी एका दुपारी स्कीमा लिहिला आणि ग्राफ मस्त खाली बसला. (तुम्ही करणार असाल तर आधी मोजा. उत्तर जितकं मोठं, तितका या लायब्ररीचा फायदा आटत जातो.) टीममध्ये कौतुक झालं, मीही फुशारलो.

पुढे एका सहकाऱ्याने उत्तरात एक फील्ड वाढवलं: ग्राहकाची सूचना. "दुपारी दोननंतरच या", अशा टाईपची. कोडमध्ये घातलं, स्कीमात घालायचं राहिलं. आणि स्कीमात नसलेलं फील्ड ही लायब्ररी गुपचूप गाळते. एरर नाही, लॉग नाही, टेस्ट सगळ्या हिरव्या. आठवडाभर डिलिव्हरीची पोरं बंद दारांवरून परत येत होती, आणि उशिराचा दंड त्यांच्याच पगारातून कापला जात होता. तसं वागणार हे लायब्ररीच्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं होतं. मीच वाचलं नव्हतं.

असो. संध्याकाळी बाबांनी पेटीतून जुना सातबारा काढला. पहिल्यांदाच नीट बघितला. नमुना बारामध्ये मिश्र पिकाचे वेगळे रकाने. आमच्याकडे कापसात तूर असतेच, आणि रेघा आखणाऱ्याला ते माहीत होतं. शेवटी एक 'शेरा'. नमुना सातमध्ये मालकाच्या नावाशिवाय 'इतर अधिकार'. बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, जे कुठेच बसत नाही ते तिथे. आणि तिथेच, बोजाच्या खाली, आत्याचं नाव.

"बाबा, आत्या इतरमध्ये का?"

"आजोबा गेल्यावर तसंच लावलं. नाव हाय ना कागदावर?"

"आहे. पण मालकाच्या रकान्यात तुमचं एकट्याचंच."

बाबा काही बोलले नाहीत. मला आठवलं, लहानपणी सुटीत वेचणीला सगळ्यात पुढे आत्याच असायची.

वेग येतो तो आधी ठरवून टाकल्यामुळे, यात शंका नाही. पण ठरवताना जो समोर नसतो तो नंतर आवाज न करता गळतो, नाहीतर बोजाच्या खाली जाऊन बसतो. शेऱ्याचा रकाना ठेवला म्हणून माणूस गळत नाही, हे खरं. पण ज्याची जागा मुख्य रकान्यात आहे त्याला शेऱ्यात ढकलणं ही सोय नव्हे.

सोमवारी दोन कामं केली. सूचनेचं फील्ड स्कीमात नीट नावानिशी घातलं. आणि कोडमध्ये असलेलं पण स्कीमात नसलेलं काही सापडलं तर बोंब मारणारी एक टेस्ट लिहिली.

रात्री बाबांचा फोन आला. नेहमीसारखी पावसापाण्याची चौकशी झाली. ठेवता ठेवता म्हणाले, "तलाठ्याकडं जाऊन आलो. वारसाचे कागद मागायला त्यो. तुझ्या आत्याला बोलावून घेतलंय."