तारलातानचा मृत्युलेख

गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. माणसांपुरता हा संकेत ठीक आहे. कापडाला ही सवलत द्यायचं कारण नाही. तारलातान म्हणजे विरळ विणीचं, खळ देऊन ताठ केलेलं सुती कापड. एकोणिसाव्या शतकातल्या बॅलेला जे रूप आलं, ते बरंचसं या स्वस्त कापडामुळे. आणि याच कापडाने नर्तिकांचे जीवही घेतले.

त्याआधीच्या शतकात पॅरिसच्या ऑपेरातली नर्तिका दरबारी पोशाखात नाचे. कमरेला दोन्ही बाजूंनी घागरा फुलवणारा सांगाडा, जरीचं जड कापड, डोक्यावर टोप. मारी कामार्गोने पायांचं काम लोकांना दिसावं म्हणून घागरा घोट्याच्या वर घेतला, तेवढ्यावरून चर्चा झाली. मारी सालेने 1734 मध्ये लंडनला 'पिग्मॅलियन' केलं ते सांगाडा काढून टाकून, साध्या मलमलीत, केस मोकळे सोडून. पण या दोघींची बंडं एकेकटीची होती. सगळ्या नृत्यप्रकाराचा पोशाख बदलायला आणखी जवळजवळ शंभर वर्षं लागली.

तो बदलला 12 मार्च 1832 च्या रात्री. पॅरिस ऑपेरात 'ला सिल्फीद' लागलं. नृत्यरचना फिलिपो ताल्योनीची आणि नायिका त्याचीच मुलगी, मारी. तिच्या पोशाखाचं श्रेय चित्रकार यूजीन लामीला दिलं जातं: घट्ट पांढरी चोळी, पोटरीपर्यंत येणारा घंटेसारखा पांढरा घागरा, पाठीला छोटे पंख. मारी पायाच्या अंगठ्यांच्या टोकावर उभी राही, आणि त्या घागऱ्यामुळे ती जमिनीला टेकलेलीच नाही असं वाटे. यात जादू काही नव्हती. घागऱ्याला एकावर एक थर असत. उडी मारली की थरांमध्ये हवा भरे. नर्तिका खाली आली तरी कापड मागाहून, सावकाश उतरे. डोळा कापडावर विश्वास ठेवी आणि बाई अजून वरच आहे असं समजे.

उरलेलं काम उजेडाने केलं. ऑपेराच्या त्या नाट्यगृहात 1822 पासून गॅसचे दिवे होते. रंगमंचाच्या कडेने खालून येणारा तो पिवळसर, जरासा थरथरता उजेड कापडाच्या छिद्रांतून आरपार जाई आणि घागऱ्याची कड कुठे संपते ते कळेनासं होई. 1841 च्या 'जिझेल'मध्ये कार्लोता ग्रिझीच्या मागे, लग्नाआधीच मेलेल्या मुलींची, म्हणजे विलींची, अख्खी रांग याच पांढऱ्या कापडात उभी राहिली. मेलेल्या मुली रंगमंचावर इतक्या पटण्यासारख्या याआधी क्वचितच दिसल्या असतील.

आता वाईट बोलतो. विरळ विणीचं सुती कापड, त्यात थरांमध्ये हवा, आणि हाताच्या अंतरावर उघडी ज्योत. डिसेंबर 1844 मध्ये लंडनच्या ड्रुरी लेनला क्लारा वेब्स्टरच्या पोशाखाने पेट घेतला. प्रवेश होता जनानखान्यातल्या स्नानाचा. काही दिवसांत ती गेली. असे अपघात एवढे वाढले की 1859 च्या नोव्हेंबरात फ्रान्समध्ये फर्मान निघालं: रंगमंचावरचं कापड कार्तेरों नावाच्या माणसाच्या प्रक्रियेने आधी अग्निरोधक करून घ्यायचं. प्रक्रिया काम करी. पण कापड कडक होई, मळकट दिसे. त्याचा पांढरेपणा आणि तरंगणं, दोन्ही जाई. म्हणजे ज्यासाठी ते वापरायचं तेच जाई.

एम्मा लिव्रीने नकार दिला. सोळाव्या वर्षी, 1858 मध्ये, तिने 'ला सिल्फीद'मधूनच पदार्पण केलं होतं. वयस्क मारी ताल्योनीने तिच्यासाठी 1860 मध्ये ऑफेनबाखच्या संगीतावर 'ल पापियों' बसवलं. त्याच्या कथेत फुलपाखरू झालेल्या नायिकेचे पंख मशालीवर जळतात. मी नेहमीच्याच घागऱ्यात नाचेन आणि होईल त्याची जबाबदारी माझी, असं एम्माने ऑपेराला लेखी कळवलं. 15 नोव्हेंबर 1862 ला ऑबेरच्या ऑपेराची तालीम होती आणि तिची भूमिका मुक्या फेनेलाची. बसताना चुरगळू नये म्हणून तिने घागरा जरा उचलून पसरला. गॅसच्या दिव्याने तो धरला. पेटलेली ती रंगमंचावर धावत सुटली. आठ महिने वेदना सोसून 26 जुलै 1863 ला ती गेली. वय वीस. तिच्या जळलेल्या पोशाखाचे तुकडे पॅरिसच्या ऑपेरा संग्रहालयात आहेत.

हा मुलीचा हट्ट होता असं पुष्कळांनी म्हटलं आहे. मला ते पटत नाही. 1831 मध्ये ऑपेराचा संचालक झालेल्या लुई व्हेरोंने नर्तिकांचं दालन वर्गणीदार पुरुषांना खुलं केलं होतं. तिथे कोण किती हलकी, किती शुभ्र, याचा भाव रोज ठरे. मळकट घागऱ्यातल्या नर्तिकेचं काय होईल हे एम्माला माहीत होतं. फर्मान काढणाऱ्यांना ते माहीत असायची गरज नव्हती.

तारलातान एम्माबरोबर लगेच गेलं नाही, पण त्याची जागा कमी होत गेली. इटलीच्या नर्तिका जोरकस, अवघड तंत्र घेऊन आल्या. 1885 मध्ये रशियात गेलेल्या व्हिर्जिनिया झुक्कीने घागरा आखूड करून घेतला. 1895 च्या 'स्वान लेक'मध्ये पिएरिना लेन्यानीच्या बत्तीस गिरक्या बघायच्या तर पाय दिसायलाच हवेत. उजेडही बदलला: लंडनचं सॅव्हॉय थिएटर 1881 मध्ये संपूर्ण विजेवर गेलं, बाकीची मागोमाग गेली. नृत्यरचनाकार फोकीनने 1909 च्या 'ले सिल्फीद'मध्ये लांब पांढरा घागरा परत आणला, पण तो तेव्हाच जुन्या काळाची आठवण म्हणून. आखूड घागऱ्यात, म्हणजे टूटूतही, पुढे फेरफार झाले. त्याला ताठ ठेवणारं कडं बार्बारा कारिन्स्काने 1950 मध्ये न्यूयॉर्कला काढून टाकलं, कारण गर्दीच्या रचनेत एकीचा टूटू दुसरीला लागून उलटायचा. नृत्यरचनाकार बॅलन्शीनने तर 1951 मध्ये 'द फोर टेम्परामेंट्स'चे पोशाखच उतरवले आणि नर्तकांना तालमीच्या कपड्यांत उभं केलं. मला विचाराल तर तो त्या शतकातला सगळ्यात प्रामाणिक पोशाख.

चित्रकार देगाच्या चौदा वर्षांच्या नर्तिकेच्या पुतळ्याला खरा कापडी घागरा आहे. पुतळा टिकला, कापड विरलं. वेगवेगळ्या संग्रहालयांनी आपापल्या प्रतींवरचे घागरे वेळोवेळी बदलले, आणि प्रत्येकाचा घागरा निराळा दिसतो.

आजची 'जिझेल' बहुधा नायलॉनच्या जाळीत नाचते. नायलॉन धुता येतं, घामाने खळ उतरायची भीती नाही. नायलॉनही पेटतं, पण त्याच्याजवळ आता उघडी ज्योत नसते. या सौद्याविरुद्ध बोलायला माझ्याकडे काही नाही. तारलातान विणणं आजही अवघड नाही. कोणी हौसेने तसा घागरा शिवूही शकेल. पण विजेच्या पांढऱ्या, वरून येणाऱ्या, स्थिर उजेडात तो खळीचा साधा घागराच दिसेल. 1832 चा परिणाम हवा असेल तर खालून गॅसही पेटवावा लागेल.