वटवाघळांच्या गावातलं गेमचं कॉलेज

बालमित्रांनो, ‘सारखा गेम खेळू नकोस, अभ्यास कर!’ हे वाक्य तुमच्या घरी दिवसातून किती वेळा ऐकू येतं? आमच्या वर्गातली मुलं म्हणाली, “बाई, मोजताच येणार नाही!” पण गेम हाच अभ्यास असेल तर? असं एक कॉलेज मी पाहून आले. चला, तुम्हालाही नेते.

२०२४ च्या १ मे रोजी शाळेत निकाल वाटला आणि दोनच दिवसांनी मी अमेरिकेला, दादाकडे निघाले. तो टेक्सास राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनमध्ये राहतो. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, ऑस्टिन कम्युनिटी कॉलेजात कॉम्प्युटर गेम बनवायला शिकते.

या कॉलेजची जागा म्हणजे पूर्वीचा बाजार, बरं का! १९७१ मध्ये इथे हायलँड मॉल सुरू झाला. पुढे दुकानं ओस पडत गेली आणि कॉलेजनं ती जागा विकत घेतली. २०१४ मध्ये एका मोठ्या दुकानाच्या जागी सहाशेहून जास्त कॉम्प्युटरांचं अभ्यासदालन उघडलं. उरलासुरला मॉल २०१५ मध्ये बंद झाला. जिथे कपडे विकले जायचे, तिथे आता मुलं गणितं सोडवतात.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे गावातल्या सगळ्यांसाठी असलेलं कॉलेज. टक्क्यांची अट नाही, फी विद्यापीठापेक्षा कमी. साधारण दोन वर्षांचं शिक्षण घ्यायचं. मग नोकरी करा नाहीतर विद्यापीठात पुढे शिका. म्हणूनच भाचीच्या वर्गात एकोणीस वर्षांची पोरं होती, तसे पन्नाशीतले एक बसचालक काकाही होते.

दादा मात्र नाराज होता. “लहानपण गेम खेळण्यात गेलं, आता शिकायलाही गेमच?” त्याची काळजी खोटी नव्हती. २०२३ आणि २०२४ मध्ये गेमच्या कंपन्यांतून हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. भाची म्हणायची, “बाबा, मी प्रोग्रामिंग शिकतेय. ते बँकेत, दवाखान्यातही लागतं.” दादा गप्प बसायचा. पटलेलं नसायचं.

सत्र संपत आलं होतं. त्या दिवशी विद्यार्थी आपापले गेम एकमेकांना खेळायला देणार होते, घरच्यांनाही बोलावणं होतं. भाचीच्या गेममध्ये होतं एक वटवाघूळ. ते का, हे पुढे कळेल. त्यानं अंधाऱ्या फटींतून वाट काढायची. पडद्यावर सगळा काळोख. कीबोर्डवरची लांब पट्टी दाबली, की वटवाघूळ आवाज काढणार, तो भिंतीवर आपटून परत येणार आणि क्षणभर भिंत दिसणार. भिंत वीस घरं लांब असेल, तर आवाजाचा प्रवास जाऊन-येऊन चाळीस घरं! पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं उमटतात, आणि दर चित्राला हा हिशेब कॉम्प्युटरकडून करून घ्यायचा. तीन महिने ती त्यावर खपली होती.

खेळायला बसले बसचालक काका. वर्गाचा नियम होता, गेम बनवणाऱ्यानं तोंडातून शब्द काढायचा नाही. काकांनी बाणांच्या कळा दाबल्या. धडक. पुन्हा धडक. भाची ओठ चावत वहीत खुणा करत होती. न राहवून मी म्हणाले, “अगं, त्यांना ती पट्टी दाबायला सांग ना!”

“आत्या, बोलायचं नाही!” ती कुजबुजली. “घरी बसून खेळणाऱ्याला सांगायला मी थोडीच जाणार?”

अकरा धडका झाल्या. काका उठले आणि हसून म्हणाले, “मला वाटलं, पडदाच बंद पडलाय!” सगळे हसले. भाचीचे डोळे भरून आले. पण तिनं वहीत लिहिलं : ‘काका चुकले नाहीत. मी चुकले.’

संध्याकाळी दादा आम्हाला काँग्रेस अव्हेन्यूच्या पुलावर घेऊन गेला. या पुलाखालच्या अरुंद फटींत उन्हाळ्यात सुमारे पंधरा लाख वटवाघळं राहतात! सूर्य मावळला आणि धुराच्या लोटासारखी ती बाहेर पडली, किडे टिपायला. भाची एकटक बघत होती. एकदम म्हणाली, “पहिल्या धडकेला आवाज आपोआप निघू दे. भिंत चमकली, की खेळणारा स्वतःच शोधेल!”

तिसऱ्या दिवशी तिनं सुधारलेला गेम दादापुढे ठेवला. आम्ही दोघी तोंड मिटून उभ्या. दादा दोनदा धडकला, थांबला, पट्टी सापडली आणि वटवाघूळ फटीबाहेर! तो एवढंच म्हणाला, “पुढचा टप्पा कुठाय?”

मुलांनो, आता माझी चूक सांगते. माझ्या वर्गातला एक मुलगा ४१२ भागिले ४ चं उत्तर १३ काढायचा. मी चार वेळा त्याच शब्दांत समजावलं आणि वर ओरडले, “लक्ष कुठाय?” जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी त्याच्याजवळ गप्प बसून नुसती पाहत राहिले. तेव्हा दिसलं, १ ला ४ चा भाग जात नाही, तिथे तो शून्य मांडतच नव्हता. मग आम्ही कागदाच्या चारशे बारा रुपयांच्या नोटा केल्या आणि चौघांत वाटल्या. प्रत्येकाला किती आले? तुम्हीच सांगा!

आणि हो, या रविवारी एखादा खेळ स्वतः बनवा. कॉम्प्युटर नसला तरी चालेल. पुठ्ठा, सोंगट्या, फासे पुरेत. नियम कागदावर लिहा, मित्राला खेळायला द्या आणि गप्प बसून पाहा. तो कुठे अडला, ते मला नक्की कळवा!