विंडोज सोडताना मराठी मजकुराचे काय?

विंडोज ९८ वर टायपिंग शिकलेल्या मराठी लेखकाचे किंवा शिक्षकाचे निम्मे आयुष्य त्याच पडद्यासमोर गेलेले असते. ९८ नंतर एक्सपी आले, त्याचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट संगणकही बाद ठरतात. असे यंत्र भंगारात घालणे हा निव्वळ अपव्यय आहे. लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीवर ते अजून कितीतरी वर्षे चालते.

लिनस टोरव्हाल्ड्स यांनी हेलसिंकीत शिकत असताना १९९१ मध्ये लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिहायला घेतला. त्यावर आधारलेले, घरगुती वापराला सोपे असे उबुंटू २००४ मध्ये आले, मिंट २००६ मध्ये. मिंट पेनड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरूनच सुरू करता येतो. हार्ड डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का, हे आधी पाहून घेता येते. टॅली किंवा फोटोशॉप मात्र थेट चालत नाही. ज्याचे पोट त्यांवर आहे, त्याने विंडोजही शेजारी ठेवावे.

मराठीचे काय, हा खरा प्रश्न. भारतीय लिपींसाठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे बोटांना नव्याने काही शिकावे लागत नाही. मंगल हा फाँट मायक्रोसॉफ्टचा. त्याच्या जागी लोहितसारखा दुसरा आला की ओळी सरकतात आणि पाने कमीजास्त होतात. एवढे चालून जाते. खरी अडचण युनिकोड ही अक्षरांची सामाईक संकेतपद्धत रुळण्याआधीच्या फायलींची. कृतिदेव या फाँटमधली जुनी फाइल लिनक्सवरच्या लिब्रे ऑफिसमध्ये उघडली की ‘म’च्या जागी रोमन ‘ई’ आणि ‘र’च्या जागी ‘जे’ दिसते. हा दोष लिनक्सचा नाही. फाइलमध्ये पहिल्यापासून रोमन अक्षरेच होती, फाँट त्यांवर देवनागरी रूप चढवत होता. तो फाँट लिनक्समध्ये टाकला की मजकूर वाचता येतो, पण त्यात मराठी शब्द शोधता येत नाही.

म्हणून असा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे नेमके उलट. चुका बहुधा इथेच राहतात, विशेषतः जोडाक्षरांत. प्रत्येक पान डोळ्यांखालून जाईपर्यंत मूळ फाइल पुसू नये.